गाळलेला 'द'

इंग्रजीतील 'द' हे निश्चित उपपद आपल्याला शाळेत रिकाम्या जागा भरण्यापुरतेच भेटते. कायद्याच्या मसुद्यात मात्र ते नसले तरी बोलते.

जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने सिनाई, गाझा, पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गोलन टेकड्या व्यापल्या. २२ नोव्हेंबर रोजी सुरक्षा परिषदेने ब्रिटिश प्रतिनिधी लॉर्ड कॅरॅडन यांनी मांडलेला ठराव क्रमांक २४२ एकमताने संमत केला. त्याच्या इंग्रजी पाठात सैन्य मागे घ्यायचे आहे ते नुसत्या 'टेरिटरीज'मधून; 'द टेरिटरीज'मधून नव्हे. म्हणजे काही प्रदेश सोडले तरी पुरे, असा अर्थ इस्रायलने लावला. अरब राष्ट्रांनी फ्रेंच पाठाकडे बोट दाखवले. तेथील 'दे तेरितुआर' निश्चित अर्थाने वाचता येते. शिवाय युद्धाने भूमी मिळवणे ठरावाच्या प्रास्ताविकातच अमान्य ठरवले आहे. माझ्या मते हाच युक्तिवाद अधिक वजनदार. तेव्हा परिषदेचा सदस्य असलेल्या भारताच्या वतीने जी. पार्थसारथी यांनी 'सर्व प्रदेश' हाच आपला अर्थ तेथे नोंदवून ठेवला. सावध वकील दुसरे काय करतो?

हे कलम मराठीत आणून पाहा : 'व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावे.' मराठी कान ते सगळेच प्रदेश धरतो. संदिग्धता राखायची तर 'काही' लिहावे लागते, आणि ते लिहिताच भाषांतरकार एका पक्षाचा होतो. रशियनमध्येही उपपद नाही.

१९८२ पर्यंत सिनाई इजिप्तला परत मिळाले. उरलेल्या प्रदेशांबाबत त्या 'द'चा वाद अजून चालू आहे.