ओल्या पावलाचा ठसा

मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईनं विचारलं, "सकाळी चालून आलं की गुडघे दुखतात रे. कुठले बूट घेऊ?" मी सॉफ्टवेअरवाला. साध्या प्रश्नाला साधं उत्तर देणं आमच्या धंद्यात बसत नाही. मी एक्सेल उघडलं, अकरा बुटांचे रकाने भरले आणि इंटरनेटवर सांगतात तशी 'ओल्या पावलाची चाचणी'ही घेतली. आईला पाय ओले करून मोरीबाहेरच्या शहाबादी फरशीवर उभं केलं. ठशात तळव्याची कमान जवळजवळ भरलेली दिसली. म्हणजे पाय सपाट, म्हणजे घोटा आत झुकणार, म्हणजे आधार देणारे 'स्टॅबिलिटी' बूट हवेत. तसे मागवले. दोन आठवड्यांत ते चपलांच्या स्टँडवर धूळ खात पडले आणि आई पुन्हा जुन्या सँडलवर आली. "जड आहेत रे. पाय कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं."

ठसा तर खोटा नव्हता. मग चुकलं कुठं, हे शोधायला मी मागे मागे जात राहिलो.

साठच्या दशकापर्यंत 'कुठले बूट घेऊ' हा सामान्य माणसाचा प्रश्नच नव्हता. धावायचे खेळाडू, आणि त्यांचे बूट पातळ तळाचे, हलके. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाला नवे बूट पायाला नीट बसेनात, म्हणून तो अनवाणी धावला. २ तास १५ मिनिटांत मॅरेथॉन जिंकली. चार वर्षांनी टोकियोला तो बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटांत पुन्हा जिंकला. या गोष्टीतून अनवाणीवालेही आपला मुद्दा काढतात आणि बूटवालेही.

चित्र बदललं ते जॉगिंगमुळे. ओरेगॉन विद्यापीठाचा प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२च्या अखेरीस न्यूझीलंडला गेला. तिथं आर्थर लिडियार्ड साध्या, पोट सुटलेल्या माणसांना हळूहळू धावायला शिकवत होता. आपल्याहून वयानं मोठ्या माणसांबरोबर धावताना बॉवरमनची दमछाक झाली. परत आल्यावर त्यानं गावकऱ्यांना धावायला लावलं आणि १९६७मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साथीनं जॉगिंगवर पुस्तक लिहिलं. पुढे ज्या कंपनीची 'नायकी' झाली, ती त्यानं फिल नाइटबरोबर १९६४मध्येच काढली होती. १९७२ला म्युनिकमध्ये फ्रँक शॉर्टरनं मॅरेथॉन जिंकली आणि अमेरिकेत धावण्याची लाटच आली. आता गिऱ्हाईक खेळाडू नव्हतं. दिवसभर खुर्चीत बसणारा, वजनदार, डांबरी रस्त्यावर धावणारा माणूस हे नवं गिऱ्हाईक.

साहजिकच गुडघे, नडगी, टाचा दुखू लागल्या. कारण हवं होतं, ते 'प्रोनेशन'मध्ये सापडलं. पाऊल टेकल्यावर ते थोडं आत कलतं. ही नैसर्गिक क्रिया आहे, धक्का पसरायला तिची मदत होते. पण जास्त कललं तर तो दोष, आणि दोष असेल तर बुटानं तो सुधारावा, असा विचार रुजला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रुक्सनं आतल्या बाजूला किंचित उंच पाचर असलेला बूट आणला. पुढे आतल्या बाजूला कडक फोम घालायची पद्धत पडली. दुकानात तीन कप्पे तयार झाले: उंच कमानीला मऊ न्यूट्रल, मधल्या कमानीला स्टॅबिलिटी, सपाट पायाला मोशन कंट्रोल. ठसा बघा, कप्पा निवडा. इंजिनियरला आवडावी अशी ही रचना आहे. इनपुट एक, आउटपुट एक. मी भुललो यात नवल नाही.

गंमत म्हणजे हा तक्ता बरीच वर्षं जवळजवळ न तपासताच चालला. तो नीट तपासला अमेरिकन लष्करानं. लष्कर, हवाई दल आणि मरीन या तिन्ही दलांच्या हजारो नव्या रंगरुटांवर प्रयोग झाले. एका गटाला तळव्याच्या आकारानुसार बूट, दुसऱ्या गटात सगळ्यांना सरसकट स्टॅबिलिटी बूट. निष्कर्ष २००९-१०मध्ये छापून आले: दुखापतींच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नाही.

मग लंबक दुसरीकडे गेला. २००९ला 'बॉर्न टू रन' पुस्तक आलं, बूटच गुन्हेगार ठरले, पाच बोटांचे पातळ बूट खपू लागले. ते बनवणाऱ्या विब्रम कंपनीला आरोग्यविषयक दाव्यांवरच्या खटल्यात २०१४मध्ये सुमारे ३७.५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. दावा उलटा, पण चूक तीच: सगळ्यांना एकच उत्तर.

या सगळ्यात मला पटला तो कॅलगरी विद्यापीठाचा बेनो निग. २००१मध्ये त्याच्या गटानं सैनिकांना सहा प्रकारच्या आतल्या गाद्या देऊन सगळ्यांत आरामशीर वाटेल ती निवडायला सांगितलं. निवडी वेगवेगळ्या निघाल्या, आणि आपल्या आवडीची गादी वापरणाऱ्यांना गादी न वापरणाऱ्यांपेक्षा कमी दुखापती झाल्या. २०१५मध्ये त्यानं मांडलं की आराम ही पायाची स्वतःची चाळणी आहे. पुरावा अजून पक्का नाही, हेही सांगायला हवं. पण इतकी वर्षं ठसे, कोन आणि पाचरी मोजून झाल्यावर प्रश्न पुन्हा पायाकडेच आला होता. रोममध्ये बिकिलानं तरी दुसरं काय केलं होतं?

या वेळी आईला संध्याकाळी दुकानात नेलं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. रोजचे मोजे घालायला लावले. अंगठ्यापुढे बोटभर जागा, टाच घट्ट, चवडा सहज वाकणारा, एवढंच पाहिलं. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, धक्का वजनाच्या सव्वा-दीडपटीच्या आसपास. धावताना तो दुप्पट-तिप्पट होतो. नुसतं चालायला जाडजूड फोमची गरज नाही. आई दुकानात सहा जोड घालून फिरली आणि माझ्या एक्सेलमध्ये नवव्या नंबरावर असलेला उचलला. "हा घातलाय असं वाटतच नाही."

गुडघे पूर्ण थांबलेले नाहीत. त्यासाठी डॉक्टरांनी मांड्यांचे व्यायाम दिलेत. पण बूट रोज बाहेर पडतात. पहिल्या वेळी मी आईचे पाय ओले केले, ठसा वाचला, तक्ता वाचला. बूट घालून कसं वाटतंय, एवढं मात्र तिला विचारलं नव्हतं.