आपले मृत व आपली वेदी

ज्युबिलीच्या वर्षी हयात असलेल्यांची गणती होते. आम्ही या चार ओळी, जे आता आपल्यात नाहीत त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यातील पुष्कळ कॅथोलिक कुटुंबे पोटापाण्याच्या निमित्ताने येथे आली. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मागाहून आकुर्डी, भोसरी व चाकण असा कारखान्यांचा विस्तार झाला. आणि त्यामागोमाग श्रीरामपूर-राहुरीकडची, वसईची, गोव्याची व दक्षिणेची माणसे आली. येताना त्यांनी आपली गीते व मतमाउलीची भक्ती बरोबर आणली. वाडवडिलांच्या कबरी मात्र मागेच राहिल्या. ज्या केंदळ गावाहून 1903 साली फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ सुरू केला, त्या भागात ज्यांचे आजे-पणजे निजले आहेत अशी घरे आपल्यात आहेत. 1987 साली नाशिक धर्मप्रांत वेगळा झाल्यापासून ती गावे आपल्या पुणे धर्मप्रांतातही उरली नाहीत.

म्हणूनच घरात मृत्यू झाला की पहिला प्रश्न निघतो तो हा: मयत गावी न्यावयाची की येथेच माती द्यावयाची? यावरून भावाभावांत अबोला धरला गेलेला आम्ही पाहिला आहे. थोरला म्हणतो, आईला बापाच्या शेजारी ठेवू. धाकटा म्हणतो, गावी आता कबरीवर फूल वाहावयास कोण उरले आहे? दोघांचेही म्हणणे प्रेमाचेच असते.

हा वाद नवा नव्हे. 387 साली रोमजवळील ओस्तिया बंदरी संत मोनिका आजारी पडली, तेव्हा हाच वाद तिच्या अंथरुणाशी उभा राहिला होता. आफ्रिकेतील तागास्ते येथे पती पात्रिकियस याच्या शेजारी तिने आपली जागा पूर्वीच करून ठेविली होती. समुद्र ओलांडून घरी परतण्याच्या वाटेवर ती होती. परदेशी मरण येऊ नये, असे तिचा एक मुलगा बोलून गेला. त्यावर तिने त्याच्याकडे नाराजीने पाहिले. देह कोठेही पुरा, त्याची चिंता नको. मात्र जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण करा, एवढेच तिने मागितले. संत ऑगस्टीन हे आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या नवव्या भागात सांगतात, आणि पुढे जाऊन वाचकांनाच विनवितात की, माझ्या आईबापांचे वेदीजवळ स्मरण करा. न पाहिलेल्या माणसांकडे त्यांनी आपल्या मृतांसाठी मागणे मागावे, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. मोनिकेच्या अस्थी 1430 साली रोमला नेण्यात आल्या. आणि 1945 साली ओस्तियात दोन मुले खांबासाठी खड्डा खणीत असता तिच्या कबरीच्या शिलालेखाचा तुकडा त्यांच्या हाती लागला.

ज्याचा देह समोर नाही त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करण्याची रीत ख्रिस्तसभेने तेव्हापासून सोडलेली नाही. 998 च्या सुमारास क्लुनीचे मठाधिपती संत ओदिलो यांनी 2 नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतांसाठी नेमिला. जुन्या मंडळींना आठवत असेल, महिन्याच्या वा वर्षाच्या मिस्साला देवळाच्या मध्यभागी रिकाम्या तिरडीचा सांगाडा मांडीत, त्यावर काळे वस्त्र घालीत, भोवती मेणबत्त्या लावीत व धर्मगुरू त्यावर तीर्थ शिंपडीत. 1969 च्या नव्या अंत्यविधीनंतर ती चाल गेली. मुलांना तिचे भय वाटे, हेही खरे. परंतु रिकाम्या जागेलाही मान असतो, हे ती शिकवीत असे.

पहिले महायुद्ध चालू असता, 10 ऑगस्ट 1915 रोजी, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूस 2 नोव्हेंबरला तीन मिस्सा अर्पण करण्याची मोकळीक दिली; कारण रणांगणात पडलेल्यांची संख्या गणतीपलीकडे गेली होती. त्याच युद्धकाळातील मृतांची नावे आपल्या शेजारीच आहेत. दापोडीचा हॅरिस पूल ओलांडून खडकीस जावे. तेथील युद्धस्मशानात 1914-18 चे जे स्मारक आहे, त्यावर 1,800 हून अधिक सैनिकांची नावे कोरिलेली आहेत. हे हिंदुस्थानात व आजच्या पाकिस्तानात ठिकठिकाणी पुरले गेले. पुढे त्या कबरींची निगा राखणे अशक्य झाले, म्हणून नावे येथे आणिली. त्यांपैकी 629 जणांचे अवशेष 1962 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या शिवडीहून येथे आणून पुन्हा पुरले. त्यांच्या आयांनी ही जागा पाहिली नाही.

2020 साली महामारीमुळे दफनभूमीत जमणे कठीण झाले, तेव्हा एरवी 1 ते 8 नोव्हेंबरपर्यंत दफनभूमीच्या भेटीने मृतांसाठी मिळणारी पूर्ण दंडमाफी रोमने महिनाभर खुली ठेविली. त्या वर्षी ज्यांना आपल्या माणसाला शेवटचे पाहताही आले नाही, त्यांची मिस्सा आजही पुष्कळदा तारखेशिवाय सांगितली जाते. तारीख उच्चारवत नाही.

नोव्हेंबरात वेदीजवळ मृतांच्या नावांची वही ठेवितात. तीत कोणी नुसते ‘आमचे सर्व मृत’ असे लिहितात. ते चुकीचे नव्हे. पण ऑगस्टीननी दोघांची नावे लिहिली होती. तेव्हा आमची विनंती अशी की, पूर्ण नाव लिहावे, आणि नावापुढे जेथे माती दिली ते गावही लिहावे, मग ते हरेगाव असो, वसई असो वा चिंचवड. ज्या भावांचा अबोला आहे त्यांनी आईचे नाव एकाच ओळीत लिहिले तर आम्हांस विशेष आनंद होईल. वही पहिल्या तारखेच्या सायंकाळपर्यंत पवित्र वस्त्रांच्या खोलीत मिळेल.