नेत्रपरीक्षणातील स्लिट लॅम्प : एका उपकरणाच्या घडणीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अंधाऱ्या खोलीत हनुवटी आधारावर टेकवावयाची, कपाळ पट्टीला लावावयाचे आणि प्रकाशाचा झोत सहन करीत डोळा स्थिर ठेवावयाचा, हा अनुभव नेत्रतपासणी करून घेतलेल्या बहुतेकांना असतो. हे उपकरण म्हणजे स्लिट लॅम्प होय. त्याच्या इतिहासात सामान्यतः अल्वार गुलस्ट्रँड हे नाव व १९११ हे वर्ष नोंदविलेले आढळते. ही नोंद चुकीची नाही, परंतु ती अपुरी आहे. १९११ मध्ये जगासमोर आले ते प्रकाश देणारे एक साधन होते. निदानाचे उपकरण म्हणून त्याची घडण पुढील सुमारे पाव शतकात अनेकांच्या हातून झाली, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोपविषयीचे आपले लेखन प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाच्या डोळ्यातील दृष्टिपटल वैद्यकाच्या नजरेच्या टप्प्यात आले. डोळ्याच्या पुढील भागाची अडचण मात्र वेगळी होती. पारपटल, त्यामागील द्रव व भिंग हे भाग पारदर्शक असतात. त्यांवर सर्व बाजूंनी प्रकाश टाकल्यास तो बहुतांशी आरपार जातो आणि थरांमधील भेद उमटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येना येथील कार्ल झाइस कारखान्यातील झिगफ्रिड चाप्स्की यांनी पारपटल पाहण्यासाठी दोन्ही डोळ्यांनी वापरावयाचा सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. त्यामुळे प्रतिमा मोठी दिसू लागली. तथापि एखादा डाग नेमका कोणत्या थरात आहे, हे खात्रीने सांगणे कठीणच राहिले. उणीव भिंगाची नसून प्रकाशाच्या मांडणीची होती.

गुलस्ट्रँड यांचे कार्य

गुलस्ट्रँड हे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात नेत्रवैद्यकाचे प्राध्यापक होते आणि प्रकाशशास्त्राचे गाढे अभ्यासक होते. ३ ऑगस्ट १९११ रोजी हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यकांच्या सभेत त्यांनी आपले साधन सादर केले. वाल्थर नर्न्स्ट यांनी शोधलेल्या दिव्याचा प्रकाश एका अरुंद फटीतून नेऊन तो भिंगाच्या साहाय्याने डोळ्यात केंद्रित करावयाचा, ही त्यामागील कल्पना होती.

तिचे महत्त्व साध्या उदाहरणाने स्पष्ट होते. बंद खोलीत कवडशातून उन्हाची तिरीप आली की एरवी न दिसणारे धूलिकण त्या तिरिपेत चमकू लागतात. त्याचप्रमाणे पातळ झोत डोळ्यात तिरकस शिरला व निरीक्षकाने तो बाजूने पाहिला, तर पारदर्शक भागांचा जणू उभा छेद प्रकाशात उजळतो. मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पारपटलाचीही पुढची व मागची कड वेगळी दिसते. दाह झाला असल्यास पारपटलामागील द्रवात तरंगणाऱ्या पेशी ओळखता येतात. जो छेद पूर्वी मृत डोळा कापून पाहावा लागे, तो आता जिवंत डोळ्याला इजा न करता प्रकाशाने घेता येऊ लागला.

साधनापासून उपकरणापर्यंत

एवढे असूनही या साधनाकडे प्रारंभी फारसे लक्ष गेले नाही. त्याची कारणे त्याच्या रचनेत होती. दिवा एकीकडे व सूक्ष्मदर्शक दुसरीकडे असल्याने झोत आणि दृष्टी एकाच बिंदूवर आणणे कष्टाचे होते. रुग्णाचा डोळा किंचित हलला तरी सर्व जुळणी पुन्हा करावी लागे.

पुढील दशकात झाइस कारखान्यातील ओटो हेंकर यांनी दिवा व सूक्ष्मदर्शक यांची यांत्रिक सांगड घातली. नर्न्स्ट दिव्याच्या लालसर प्रकाशाऐवजी अधिक शुभ्र प्रकाशाचे विजेचे दिवे आले. आल्फ्रेड फोग्ट यांनी सूक्ष्मदर्शकासाठी आउगुस्ट क्योलर यांनी विकसित केलेली प्रकाशयोजना येथे उपयोगात आणली व झोत एकसारखा केला. १९३०च्या दशकात हान्स गोल्डमान यांच्या रचनेमुळे उपकरण पुढेमागे व डावीउजवीकडे सहजतेने सरकविता येऊ लागले. दिवा व सूक्ष्मदर्शक समान अक्षाभोवती फिरत असल्याने कोन बदलला तरी दोहोंचा रोख एकाच जागी राहू लागला. आजच्या स्लिट लॅम्पचा सांगाडा मुख्यतः याच तत्त्वावर उभा आहे.

यंत्राइतकेच महत्त्व पाहण्याच्या शिक्षणालाही होते. नवे यंत्र नवी दृश्ये दाखविते, परंतु निरोगी कोणते व विकृत कोणते हे ते सांगत नाही. फोग्ट यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथाने ही उणीव मोठ्या प्रमाणात भरून काढली. भिंगाच्या कोणत्या थरात धूसरपणा आहे यावरून मोतीबिंदूचे प्रकार जिवंत डोळ्यातच सूक्ष्मपणे वेगळे करता येऊ लागले. चित्रांच्या आधाराने दूरच्या वैद्यकांनाही एकाच भाषेत नोंदी करणे शक्य झाले.

समारोप

१९११ या वर्षीच गुलस्ट्रँड यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु ते डोळ्यातील प्रकाशाच्या वक्रीभवनाविषयीच्या संशोधनासाठी होते. ज्या साधनामुळे त्यांचे नाव नेत्रचिकित्सेत आज घेतले जाते, त्यासाठी ते दिले गेले नव्हते. समकालीनांना त्या साधनाचे मोल तेव्हा पूर्णपणे कळणे शक्यही नव्हते, कारण त्याला उपयुक्त बनविणारे दुवे अद्याप घडावयाचे होते.

आपल्याकडे विज्ञानाचा इतिहास शिकविताना शोध, संशोधक व सन यांची यादी पाठ करून घेण्याचा प्रघात आहे. या पद्धतीत गुलस्ट्रँड उरतात. हेंकर, फोग्ट व गोल्डमान गळून पडतात. कारागिरी, दुरुस्ती व निरीक्षणाचे शिक्षण यांवाचून शोध पूर्ण होत नाही, ही जाणीवही त्यांच्याबरोबर हरवते. गुलस्ट्रँड यांचे श्रेय कमी न करता ती जाणीव विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे, हे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.