घर दाखवणारा माणूस

दिवाळी जवळ आली की घरांना रंग लागतो, आणि रंग लागलेल्या घरांपैकी काही विक्रीला निघतात. आमच्या भंडारा जिल्ह्यात या गोष्टीला हंगामाचीही जोड आहे. पितृपक्ष सरलेला असतो. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान पिकत आलेला असतो, आणि हाती चार पैसे येण्याची आशा असते. भाऊबीजेच्या सुमारास गावोगाव मंडई भरू लागते, रात्री दंडार नाहीतर नाटक उभे राहते, नोकरीच्या गावांहून माणसे आपापल्या गावी येतात. मग पडदा वर जाईपर्यंतच्या गप्पांत कोणीतरी सहज विचारतो, "काहो, भंडाऱ्यात एखादे बरे घर आहे का पाहण्यात?" या प्रश्नाबरोबर एका माणसाचा हंगाम सुरू होतो. तो माणूस म्हणजे घर दाखवणारा. लोकांच्या भाषेत दलाल.

दलाल हा शब्द आपण फारसा प्रेमाने उच्चारत नाही. पण शब्दाचे कूळ शोधू गेले तर ते मोठे खानदानी निघते. शब्द अरबी आहे आणि त्याच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थ वाट दाखवणे, निर्देश करणे. पुरावा या अर्थाचा 'दलील' हा शब्दही त्याच घरचा. म्हणजे दलाल हा मुळात 'दाखवणारा' आणि दलील म्हणजे त्याने दाखवलेले प्रमाण. दाखवणे आणि पुरावा देणे ही दोन कामे एकाच धातूच्या पोटी जन्मली हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण या धंद्यातली सारी अडचण नेमकी तिथेच आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीसाठी घर पाहावयास आम्ही भंडाऱ्याच्या नदीकडच्या एका वस्तीत गेलो होतो. दाखवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे. घर छान होते. ओसरी ऐसपैस, मागे परसदार, विहिरीला पाणी, भिंतींना ताजा पिवळा रंग. घरमालक कौतुकाने एकेक खोली दाखवत होता आणि आमचे दलाल मात्र गप्प होते. मालक किल्ली आणायला आत गेला तशी बहिणीने विचारले, "काकाजी, इथे नदीचे पाणी येते का हो?" म्हातारा क्षणभर थांबला. मग त्याने परसदारातल्या न्हाणीघराच्या मागच्या भिंतीकडे बोट केले. तिथे रंग पोचला नव्हता. कमरेच्या वर एक मातकट रेघ सरळ आडवी गेलेली होती. "बाई, एवढे आले होते," एवढेच तो म्हणाला. ते घर आम्ही घेतले नाही. म्हाताऱ्याची दलाली बुडाली, आणि मालक त्याच्यावर रागावला असणार यात शंका नाही.

२०२० सालच्या ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला होता. वर शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी, मधल्या नद्यांचे पाणी, असे सारे एकदम खाली आले आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत शिरले. ती रेघ त्या पुराची. उन्हाळ्यात घर पाहणाऱ्याला ती दिसत नाही. रंग दिल्यावर तर मुळीच दिसत नाही. जलसंपदा खाते नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पण त्या रेषा नकाशावर असतात. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण झाले, त्याची कोनशिला १९८८ साली बसली. तेव्हापासून 'पाणी कुठवर येते' हा प्रश्न या काठच्या माणसाला नवीन राहिला नाही. तरीही तो प्रश्न घर पाहताना विचारायचे पुष्कळांना सुचत नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे की नाही, हा दाखवणाऱ्यापुढचा पेच असतो.

हा पेच जुन्या काळी होता काय? त्या काळी घर एकटा माणूस दाखवतच नसे. बाराव्या शतकाच्या आरंभी रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या शिलालेखात 'भाणार' असे नाव येते, ते आपल्या भंडाऱ्याचे असे विद्वान मानतात. साधारण त्याच काळात कल्याणीस चालुक्यांच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती कशी, याचे एक जुने वचन त्यात दिलेले आहे. गावाची संमती, भाऊबंदांची संमती, शेजाऱ्यांची संमती, वारसांची संमती, आणि सोने व उदक यांचे दान, अशा सहा गोष्टींनी ती जाते. विज्ञानेश्वर पुढे मोठ्या व्यवहारी बुद्धीने सांगतो की गावाची संमती ही परवानगी म्हणून नव्हे. व्यवहार उघडा व्हावा, एवढ्यासाठी ती हवी. शेजाऱ्यांची हवी ती हद्दीबद्दलचा संशय फिटावा म्हणून. म्हणजे सारे गावच त्या काळचा दलाल होते. गावाच्या डोळ्यांदेखत जमीन जात असल्यामुळे दोष झाकणे कठीण होते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातही खरेदीखतात चतुःसीमा लिहीत आणि खाली साक्षी घालत. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, असे लिहिताना तो पूर्वेचा अमका बहुधा समोर बसलेला असे.

भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि गावाच्या साक्षीची जागा हळूहळू कागदाने घेतली. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्याला तो आरंभी लागू नव्हता. तिथे तो १८९३ पासून आला. मध्यप्रांताला मात्र तो पहिल्या दिवसापासून लागू झाला. म्हणजे घरविक्रीच्या या कायद्यात भंडारा पुण्यामुंबईच्या दहा वर्षे पुढे होता! शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होईल, हे त्याने ठरवले. आणखी एक गोष्ट ठरवली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. घरात किंवा घराच्या मालकीत असा मोठा दोष असेल, की जो विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि नेहमीच्या सावधपणाने त्याच्या ध्यानात येण्याजोगा नाही, तर तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. पण कायद्याने हे कर्तव्य विकणाऱ्यावर घातले. मधल्या दाखवणाऱ्याचे नाव त्यात नाही.

आणि मालकीतले दोष म्हणाल तर आमच्या भागात ते भिंतीतल्या दोषांहून अधिक. मालगुजारीच्या काळी गावातली आबादी मालगुजाराच्या अखत्यारीत असे. घर बांधून राहणाऱ्याचा त्या जागेवर हक्क किती, हे रीतीने ठरे आणि ती रीत 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात उतरलेली असे. १९५१ साली मालगुजारी गेली, पण घरे तिथेच राहिली. शहरात नझूलची भानगड वेगळी; घर आपले, जमीन सरकारच्या पट्ट्याची. शहाणा गिऱ्हाईक म्हणून आधी आखीव पत्रिका मागतो. शहराबाहेर निघावे तर झुडपी जंगल. डोळ्यांना चार बोरी-बाभळींचे मोकळे माळरान दिसते, दाखवणारा हात पसरून "इथे हॉल, तिथे देवघर" असे सांगतो, आणि सातबारा पाहावा तर ती जमीन निघते झुडपी जंगलाची. असे जंगल हे वनच होय असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात दिला. घर दाखवणे सोपे असते. घराखालची जमीन दाखवणे कठीण.

त्यात सह्यांचा प्रश्न. वडिलोपार्जित वाडा विकायचा म्हणजे भाऊबंदांच्या सह्या हव्यात, हे विज्ञानेश्वरापासून चालत आलेले आहे. पण महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, तेव्हापासून बहिणींच्या सह्याही हव्यात. दलाल घर दाखवतो, सौदा ठरतो, विसार दिला जातो, आणि मग कळते की बहीण तुमसरला आहे आणि तिला कोणी विचारलेलेच नाही. भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर हक्कसोड पत्राचा कागद पुढे आल्याची उदाहरणे वाचकांनीही पाहिली असतील. अशा घरी दाखवणाऱ्याने काय करावे? 'बहिणी किती?' हा प्रश्न त्याने पहिल्याच दिवशी विचारला तर मालकाला राग येतो. न विचारावा तर फसतो घेणारा आणि बुडते ती बहीण.

याहून जड एक पेच आहे, आणि त्याबद्दल सणाच्या अंकात लिहू नये असे कोणी म्हणेल. पण घराचा इतिहास लिहायचा तर तो टाळता येणार नाही. पुष्कळ मालक दलालाला आधीच बजावून ठेवतात, "अमक्या लोकांना घर दाखवू नका." १९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर उभे होते; त्यांचा पराभव झाला. त्या प्रचारात भंडाऱ्याने ज्यांचे भाषण ऐकले, त्या गृहस्थाला १९१७ साली बडोद्यात राहावयास जागा मिळाली नव्हती. परदेशच्या विद्यापीठांत शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत आले होते. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी विचारले. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. शेवटी कमाठीबागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्या घटनेत काठ्या होत्या. आज काठी लागत नाही. दलालाने "ते घर कालच गेले" एवढे म्हटले की काम होते. हे वाक्य ज्याने उच्चारले त्याने घर दाखवण्याचे काम केले नाही, घर लपवण्याचे केले.

आता काळ बदलला आहे. १९६४ साली जवाहरनगरला आयुध निर्माणी उभी राहिली. ज्यांचे या गावात ना भाऊबंद ना ओळख, असे लोक इथे राहावयास आणि पुढे घरे घ्यावयास आले. त्यांच्यासाठी साक्ष देणारे गाव नव्हते, होता तो एकटा दलाल. स्थावर संपदेचा कायदा २०१६ साली झाला, २०१७ च्या मे महिन्यात महारेरा सुरू झाले, आणि नव्या प्रकल्पांतली घरे विकून देणाऱ्याला नोंदणी आवश्यक झाली. पुढे २०२३ मध्ये त्याच्यासाठी परीक्षाही आली. खोटे सांगून गिऱ्हाईक फसवले तर त्याला दंड आहे. फार चांगले झाले. पण जुने कवेलूचे घर, परसदारातली विहीर, चार भावांचा वाडा, हे व्यवहार या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले. तिथे दाखवणाऱ्याची अब्रू हाच त्याचा परवाना.

मग त्याने किती सांगावे? १८७२ च्या कराराच्या कायद्यात याचे एक गमतीचे उदाहरण आहे. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो गप्प बसतो. कायदा म्हणतो, नुसते गप्प बसणे ही फसवणूक नव्हे. लगेच पुढचे उदाहरण येते. घोडा घेणारी जर त्याची स्वतःची, नुकती वयात आलेली मुलगी असेल तर? मग मात्र त्याने सांगितलेच पाहिजे. नात्यामुळे बोलणे हे त्याचे कर्तव्य होते.

ते वाचताना मला आमचे काकाजी आठवतात. त्यांनी कराराचा कायदा वाचला असेल असे वाटत नाही. बहिणीने पुढच्या वर्षी त्यांच्याच मार्फत दुसरे घर घेतले, थोडे आतल्या बाजूला, उंचावर, ओसरी लहान आणि किंमत जास्त. कागद दाखवताना मालकाच्या दोन्ही बहिणींना त्यांनी आधीच बोलावून घेतले होते. यंदाही भाऊबीजेला मी त्या घरी जाईन. बहिणीने काकाजींनाही फराळाला बोलावले आहे. मागच्या वेळी ते आले तेव्हा आत शिरताच सवयीने भिंतींकडे पाहत होते, आणि मग हसून म्हणाले, "बाई, रंग बरा दिला."