काळी माती आणि दोन चाकें

राजांचे, लढायांचे आणि तहनाम्यांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्या वाटेनें ते राजे गेले, ज्या वाटेवर त्यांचें सैन्य चिखलांत रुतलें आणि ज्या वाटेनें शेवटीं त्यांच्या मुलखांतील कापूस परदेशीं गेला, त्या वाटेचा इतिहास लिहावा असें फारसें कोणास वाटलेलें दिसत नाहीं. वऱ्हाडापुरतें बोलावयाचें तर ही उणीव अधिकच जाणवते. अमरावतीहून बडनेरा, लोणी, कुरूम, माना, मूर्तिजापूर, बोरगांव मंजू असा जो हमरस्ता अकोल्यास जातो, त्यावर आज कोणत्याही घटकेस उभें राहून पाहिलें तर मोटारसायकलवाला नजरेस पडणार नाहीं असें होत नाहीं. परंतु हा रस्ता आजवर कोणासाठीं बांधला, मोजला आणि गाजविला गेला असें विचारलें, तर त्या उत्तरांत हा मोटारसायकलवाला कोठेंच सांपडत नाहीं. या विसंगतीची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम मातीचा विचार केला पाहिजे, कारण वऱ्हाडांत रस्त्याचा खरा मालक सरकार नव्हे, माती आहे. येथील काळी माती पाणी मिळालें म्हणजे फुगते आणि उन्हानें आकसते. श्रावणांत ती पायाला शेरभर चिकटते. वैशाखांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्या गुणामुळें ती ओल धरून ठेवते आणि कपाशीला पोसते, त्याच गुणामुळें ती रस्त्याची वैरीण ठरते. वर खडी-डांबराचा कितीही गुळगुळीत थर दिला तरी खालची जमीन दर ऋतूंत श्वास घेतल्याप्रमाणें वरखालीं होत राहते आणि रस्त्यावर लाटा उठतात. त्यांतही एक विशेष आहे. रस्त्याच्या मध्यापेक्षां त्याची कड लवकर भिजते आणि लवकर वाळते; त्यामुळें पडणारी भेग पुष्कळदां आडवी पडत नाहीं, कडेला समांतर अशी लांबच लांब जाते. चार चाकांच्या गाडीला तिची दादहि लागत नाहीं. दोन चाकांच्या गाडीचें पुढचें चाक मात्र तींत शिरलें कीं रुळांत सांपडल्यासारखें होतें. आणि बाहेर काढावयास हँडल फिरविलें कीं स्वार जमिनीवर. जाड मुरुमाचा थर, चुन्यानें माती पक्की करणें, कडेचे नाले वाहते ठेवणें, हे यावरील उपाय कोणाहि इंजिनिअरास ठाऊक आहेत. शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे, आणि आमच्या पाहण्यांत सर्वांत अधिक हयगय त्याचीच होते.

या मातीवरून पूर्वीं काय जात असे? ओझें. १८०३ च्या नोव्हेंबरांत अडगांवची आणि डिसेंबरांत गाविलगडची लढाई झाली, त्या वेळीं तोफा ओढीत या मुलखांतून फिरणारी फौज कोरडा हंगाम साधून फिरली, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. रेल्वेपूर्वीं अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर घालून सुमारें पांचशें मैलांवरील मिर्झापुरास, गंगेच्या कांठीं नेत असत. वाटेंत अवकाळी पाऊस आला म्हणजे तांडा जेथल्या तेथें बसे. १८५३ च्या तहानें निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडील कापूस तुटला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि या काळ्या मातीकडे वळली. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. १८७० सालीं खामगांवचा फांटा उघडला. येथून पुढें रस्ता हा स्टेशनाचा चाकर झाला. बाजारांतून जिनांत, जिनांतून स्टेशनांत कापसाची गाडी बारमहा पोंचली पाहिजे, या एका हिशेबावर सडका आंखल्या गेल्या. हिशेब खोटा होता असें नव्हे; पण तो मणांचा आणि मैलांचा होता, माणसाचा नव्हता.

मोटार आल्यावर हिशेब बदलावयास हवा होता. १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारनें रस्त्यांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं एक कमिटी नेमली. तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर, हेच पुढें १९४८ सालीं पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ते हा विषय प्रांतिक सरकारें आणि स्थानिक मंडळें यांच्या ऐपतीबाहेर चालला असून तो सर्व राष्ट्राचा विषय मानला पाहिजे, असा निर्णय कमिटीनें १९२८ सालीं दिला. आणि १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर बसवून त्यांतून रस्त्यांचा मध्यवर्ती फंड उभा राहिला. १९३४ सालीं रस्ते-इंजिनिअरांची परिषद, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, स्थापन झाली, तीहि याच शिफारशींचें फळ. पुढें १९४३ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या राजधानींत, नागपुरास, मुख्य इंजिनिअरांची सभा भरली आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे व खेड्याचे अशी रस्त्यांची वर्गवारी तेथें ठरली. सुपीक प्रदेशांतील कोणतेंहि गांव मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांहून दूर असूं नये, हें त्या योजनेंतील सूत्र आम्हांस आजहि आदरणीय वाटतें, कारण त्यांत निदान गांवाचा विचार आहे. परंतु गांवांतील माणूस त्या मोठ्या रस्त्यावर कशावर बसून येणार, याचें उत्तर तेव्हां बैलगाडी, फार तर सर्व्हिस मोटार असें होतें. तो स्वतःच्या फटफटीवर येईल हें १९४३ सालीं कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें, आणि त्याबद्दल त्या मंडळींस दोष देतां येणार नाहीं.

फटफटी त्या काळीं साहेबाची, एखाद्या हौशी वकिलाची किंवा डॉक्टराची. ती सामान्य माणसाच्या हातीं हळूहळू आली. १९५५ सालीं मद्रासेस एनफील्ड बनूं लागली. साठच्या सुमारास म्हैसुरास जावा आणि पाठोपाठ राजदूत आली. दुधाच्या किटल्या दोहों बाजूंस लटकावून भल्या पहाटे गांवांतून शहराकडे निघालेली राजदूत ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस त्या यंत्राबद्दल अधिक सांगण्याची जरूरी नाहीं. १९७२ सालीं पुण्याच्या फिरोदियांनीं लूना काढली. १९८५ पासून थोड्या पेट्रोलांत लांब जाणारी हिरो होंडा मिळूं लागली, आणि मग वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या गोठ्यांत बैलाची जागा जशी रिकामी होत गेली तशी ओसरींत मोटारसायकल उभी राहत गेली. आज देशांत नोंदलेल्या वाहनांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश दुचाकी आहेत. एवढी मोठी क्रांति इतक्या मुकाट्यानें क्वचितच घडली असेल.

हा स्वार रस्ता कसा वाचतो, हें आतां पाहूं. आम्हीं स्वतः हा मार्ग दुचाकीवरून वर्षानुवर्षें केला आहे. ज्या काळांत चौपदरीकरणाचें काम रखडून एक बाजू खणलेली आणि दुसरी उखडलेली असे, त्या काळांतहि केला आहे. पण आमच्यापेक्षां अधिक जाणते लोक म्हणजे खेड्यांतून रोज कॉलेजास येणारे आमचे विद्यार्थी आणि अकोला-अमरावतीच्या बाजारांत फिरते माल विकणारे. त्यांचें भूगोलाचें ज्ञान नकाशांत नसतें. थरावर थर चढून रस्ता उंच झाला आणि साइडपट्टी खालींच राहिली, कीं कडेस वीतभर पायरी तयार होते. समोरून दोन ट्रक एकमेकांशीं चढाओढ करीत आले म्हणजे दुचाकीवाल्यानें त्या पायरीवरून खालीं उतरावें, असा अलिखित कायदा आहे. आश्विन-कार्तिकांत सोयाबीनचें आणि पुढें तुरीचें कुटार रस्त्यावर पसरलेलें असतें. वाळलेल्या काडावर ब्रेक दाबणें म्हणजे तेलावर पाय देणें. कापसानें दोहों बाजूंस फुगलेली ट्रॉली संध्याकाळीं जिनाकडे निघते, तिला मागें दिवा नसतो आणि अंधारांत ती ढगासारखी एकाएकीं पुढें उभी राहते. पहाटे शेतांतून रोही उतरतात; रोही एकटा दिसला तरी एकटा नसतो, पहिला गेला म्हणून गति वाढविणारा दुसऱ्यावर आदळतो. मृगाची पहिली सर तर सर्वांत फसवी, कारण वर्षभराची धूळ आणि गाड्यांचें तेल भिजून डांबरावर साबणासारखा लेप बसतो. अर्धा तास पाऊस नीट पडूं द्यावा आणि मग निघावें, असें जुने स्वार सांगतात. उन्हाळ्यांत ते पहाटे चारला निघून दहापूर्वीं मुक्कामास लागतात. ओला दुपट्टा तोंडाला आणि कांदा खिशांत. कांद्याच्या गुणाविषयीं वैद्यांनीं बोलावें. पहाटे निघण्याच्या गुणाविषयीं आमची खात्री आहे.

दुपट्ट्यावरून शिरस्त्राणाचा विषय निघतो. अरबस्तानांतील मोहिमेमुळें प्रसिद्धीस आलेला लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यांत इंग्लंडमध्यें मोटारसायकलवरून पडला. पुढें सायकलवरून जाणाऱ्या दोन मुलांस चुकवितांना हा अपघात झाला, आणि सहा दिवसांनीं तो वारला. त्याच्या बिछान्यापाशीं बोलाविलेल्या वैद्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनीं मोटारसायकलवरील मृत्यूंचा मागोवा घेतला. पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्यें २,२७९ स्वार व त्यांचे पाठीमागे बसणारे रस्त्यांवर मेले होते. १९४१ सालीं त्यांनीं शिरस्त्राणाचें महत्त्व दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षीं ब्रिटिश लष्करानें आपल्या निरोप्या स्वारांस तें सक्तीचें केलें. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें तें सक्तीचें आहे. तरीहि २०२२ या एका वर्षांत शिरस्त्राण न घातलेले ५०,०२९ लोक भारताच्या रस्त्यांवर मृत्यु पावले. मे महिन्यांत अकोल्याच्या उन्हांत तें डोक्यावर ठेवणें सुखाचें नाहीं, हें आम्ही जाणतों. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळ जण तें कोपरांत अडकवून येतात. कोपराचें रक्षण त्यामुळें उत्तम होत असावें.

आतां २०२२ या वर्षाकडे वळूं, कारण या सर्व हकीकतीचें मर्म त्या एका वर्षांत सांठलें आहे. ३ जूनच्या सकाळीं अमरावती-अकोला मार्गावर डांबरीकरण सुरू झालें तें ७ जूनच्या संध्याकाळपर्यंत अखंड चाललें. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी थर पडला. ७२० माणसें राबलीं. आणि २०१९ सालीं कतारमधील दोहा येथें दहा दिवसांत झालेल्या २५.२७५ किलोमीटरांचा विक्रम मोडला. पदर मोजून पाहिले तर ही लांबी दुपदरी रस्त्याच्या ३७.५ किलोमीटरांइतकी होते. तरी तेवढ्यानें त्या उन्हांत रात्रंदिवस राबणाऱ्यांचा पराक्रम उणा होत नाहीं. वर्षानुवर्षें धूळ खाल्लेल्या आम्हां वऱ्हाडकरांस त्या काळ्या गुळगुळीत पट्ट्याचा आनंद झाला, तो खराच होता. त्याच वर्षीं ११ डिसेंबरास नागपूर-मुंबई समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटरांचा तो सर्व मार्ग ५ जून २०२५ रोजीं पुरा झाला. तो अमरावती जिल्ह्यांतून जातो, पण त्यावर दुचाकीस मज्जाव आहे. वेगांतील तफावत पाहतां हा मज्जाव योग्यच आहे, असें आमचें मत आहे. आणि त्याच २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरचीं होतीं. शेंकडा चव्वेचाळीसांहून अधिक.

म्हणजे नव्या जलद मार्गावरून ज्यास वगळलें, त्याच्यासाठीं जुना हमरस्ता हाच एक रस्ता उरला. तो किती तासांत किती किलोमीटर झाला, हें जगानें मोजून घेतलें. त्याची कड साइडपट्टीपासून किती बोटें उंच आहे, गांवाजवळचा गतिरोधक पांढऱ्या पट्ट्यांनीं रंगविलेला आहे कीं नाहीं, शेतांतून येणारा फांटा हमरस्त्यास कोठें आणि कोणत्या उतारानें मिळतो, हें मोजणें मात्र ज्याचें त्यावर सोंपविलेलें आहे. वेग वाढल्यावर या लहान मापांचें मोल कमी होत नाहीं, वाढतें. उखडलेल्या रस्त्यावर तीसच्या गतीनें पडणारा मुलगा गुडघा खरचटून घेऊन येत असे, गुळगुळीत रस्त्यावर ऐंशीच्या गतीनें पडणारा येत नाहीं. याच मुलखांत जन्मलेले गाडगेबाबा गांवांत शिरतांच हातीं खराटा घेऊन वाट झाडीत आणि मग कीर्तनास उभे राहत. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीकडे येतांना वलगांवजवळ, पेढी नदीच्या कांठीं, वाटेंतच त्यांचें देहावसान झालें. रस्ता पायापुरता जवळून पाहावा लागतो, हें त्यांस कोणत्याहि योजनेंत वाचावें लागलें नव्हतें.

इतिहासाच्या वर्गांत साधनांचा विचार चालूं असतां आम्हीं एकदां विद्यार्थ्यांस एक काम सांगितलें. आपलें गांव ते कॉलेज या वाटेवर जीं ठिकाणें जपून ओलांडावीं लागतात, त्यांची टीप प्रत्येकानें आपल्या नेहमींच्या भाषेंत लिहून आणावी. वह्या आल्या त्या वऱ्हाडींत, आणि कोणत्याहि गॅझेटियरांत नसलेल्या माहितीनें भरलेल्या. कोणीं रोही उतरण्याची जागा बाभळीच्या रांगेवरून सांगितली होती. कोणीं पुलावरचा सांधा, कोणीं पहिल्या पावसांत पाणी चढणारा रपटा. एका मुलीनें फांट्यावरचें वळण काढून त्याखालीं एवढेंच लिहिलें होतें: ‘अठी दादा पडला.’ त्या सर्व टिपा एका मोठ्या कागदावर उतरवून आम्हीं विभागाच्या कपाटांत ठेविल्या आहेत. दर वर्षीं पावसाळा सरला कीं नवी तुकडी तो कागद बाहेर काढते, बुजलेले खड्डे खोडते, नवे मांडते. त्या फांट्याची नोंद अद्याप कोणासहि खोडावी लागलेली नाहीं.