आकसलेल्या मेंदूचा अर्थ

वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणाऱ्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये पुष्कळदा मधल्या पोकळ्या रुंदावलेल्या आणि वळ्यांमधल्या खाचा उघडलेल्या दिसतात. कवटी आहे तेवढीच राहते; मेंदूने सोडलेली जागा मेंदूभोवतीच्या द्रवाने भरते. अहवालात ‘अ‍ॅट्रॉफी’ (आकुंचन) असा शेरा येतो आणि घरचे समजतात की पेशी मेल्या, आता काही उरले नाही. पण स्कॅन आकारमान मोजतो, पेशी मोजत नाही. आकारमान घटण्याची कारणे एकाहून अधिक आहेत, आणि ती एकाच चित्रात मिसळलेली असतात.

पेशी खरोखर मरतात का, हे मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. ऑस्ट्रेलियातील क्लाइव्ह हार्पर आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये ते केले. मद्यासक्तांच्या कपाळामागच्या वरच्या भागात चेतापेशी सुमारे 22 टक्क्यांनी कमी आढळल्या. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागात मात्र लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे नाश होतो, पण निवडक जागी. योजना आखणे, मोह आवरणे ही कामे कपाळामागच्या भागाकडे असल्याने दारू सोडण्याचा निर्धार ज्याच्या बळावर टिकायचा, त्यालाच घाव बसतो. उरलेल्या आकुंचनात मोठा वाटा श्वेतद्रव्याचा, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तंतूंचा आणि त्यांच्यावरील मायलिनच्या आवरणाचा असतो.

श्वेतद्रव्याची हानी काही प्रमाणात भरून निघते. 1978 मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी आठ रुग्णांचे सीटी स्कॅन ठरावीक काळाने पुन्हा काढले. दारू सोडून सुधारलेल्या चौघांत आकुंचन अंशतः मागे हटले होते. त्यावर शंका निघाली, आणि ती रास्त होती: दारूने शरीरातील पाण्याचा तोल बिघडतो, तेव्हा हे केवळ पाणी परत भरणे नसेल कशावरून? 2007 मध्ये जर्मनीतील बार्टश आणि सहकाऱ्यांनी साधारण सहा-सात आठवड्यांच्या संयमानंतर पुन्हा एमआरआय काढले. मेंदूचे आकारमान सरासरी सुमारे दोन टक्क्यांनी वाढले होते. स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे ऊतीतील रसायने मोजणाऱ्या तंत्राने, चेतापेशींच्या आरोग्याशी निगडित एनएए आणि पेशीपटलाशी निगडित कोलीन यांचीही पातळी वाढलेली आढळली. निव्वळ पाणी शिरले असते तर ही रसायने पातळ झाली असती. त्यामुळे पाण्याचे स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही.

काही खुणा तर थेट दारूच्या नसतातच. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमसच्या मधल्या कडा आणि मॅमिलरी बॉडी नावाच्या दोन छोट्या गाठी यांत दिसणारे बदल ब-1 जीवनसत्त्वाच्या, म्हणजे थायमिनच्या, अभावाचे असतात. कार्ल वेर्निके याने 1881 मध्ये वर्णिलेला हा आजार. दारू या जीवनसत्त्वाचे शोषण कमी करते, आणि पिणारा पुष्कळदा नीट जेवतही नाही. गरोदरपणात सतत उलट्या होणाऱ्या, कधीच न प्यायलेल्या स्त्रीच्या स्कॅनमध्येही त्याच खुणा उमटू शकतात. येथे थायमिन वेळेत न टोचणे हा गुन्हाच म्हणावा लागेल.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र वेगळा आहे: फरक आधीचाच असेल तर? बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनी मद्यासक्तीचा दाट कौटुंबिक इतिहास असलेल्या, पण स्वतः दारू न चाखलेल्या तरुणांचे मेंदू तपासले. 2007 च्या त्यांच्या अहवालानुसार अमिग्डाला, थॅलॅमस आणि कपाळामागच्या काही भागांत करडे द्रव्य, म्हणजे चेतापेशी असलेली ऊती, कमी होते. म्हणून ‘पिणारे’ आणि ‘न पिणारे’ यांची एकदाच तुलना करून सगळा फरक दारूच्या माथी मारणे अशास्त्रीय ठरते. त्यासाठी एकाच गटातील मुलांना पिणे सुरू करण्याआधीपासून वर्षानुवर्षे तपासावे लागते. अमेरिकेतील एनकॅन्डा प्रकल्पात किशोरवयीन मुलांवर असेच लक्ष ठेवले गेले. 2018 च्या त्याच्या अहवालात, जी मुले पुढे जास्त पिऊ लागली, त्यांच्या कपाळामागच्या करड्या द्रव्याची वाढत्या वयात होणारी स्वाभाविक घट इतरांपेक्षा वेगाने झाली होती. आधीचा फरक आणि दारूचा परिणाम, दोन्ही खरे आहेत. किती वाटा कशाचा, हे रुग्णालयात काढलेला एकटा स्कॅन सांगू शकत नाही.