डझन आणि बारा

एप्रिलात रत्नागिरीच्या बाजारात हापूसची पेटी समोर आली की पहिला प्रश्न असतो, "कितीची?" उत्तर येतं, "पाच डझनी." आंबा मोठा तर पेटीत डझन कमी, लहान तर जास्त. त्यामुळे पेटी उघडण्याआधीच फळ डोळ्यांसमोर उभं राहतं. कोकणात इतका मुरलेला हा शब्द आला मात्र इंग्रजीतून.

इंग्रजांनी तो जुन्या फ्रेंचमधून घेतला. फ्रेंचमध्ये 'दूझ' म्हणजे बारा आणि 'दूझेन' म्हणजे बारांचा गट. 'दूझ'चं मूळ लॅटिन 'दुओदेकिम', म्हणजे दोन आणि दहा. आपल्या 'द्वादश'ची घडणही नेमकी हीच, कारण लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या. 'द्वादश' प्राकृतात 'बारस', 'बारह' झाला आणि मराठीत 'बारा'. वसुबारसेत ते जुनं वळण अजून ऐकू येतं. मुळातल्या 'द्व'चे जणू वाटे झाले: 'द' डझनाकडे गेला, 'व' ब होऊन बाराकडे आला. 'बारा'तला 'रा' म्हणजे झिजत आलेला 'दश'.

मोजायला बाराच का? दहाचे तीन किंवा चार सारखे वाटे होत नाहीत. बाराचे दोन, तीन, चार, सहा असे सगळे होतात. अंगठ्याने चार बोटांची पेरं मोजली तरी बाराच भरतात. विलायतेत बारा पेन्सांचा शिलिंग होता, आपल्याकडे बारा पैंचा आणा. नग एका पैला, तर डझन एका आण्याला. हिशेब तोंडीच व्हायचा. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आणे-पै हळूहळू गेले. डझन मात्र केळ्यांत, अंड्यांत, काचेच्या बांगड्यांत टिकलं.

'डझनभर कामं पडलीत' म्हणताना कुणी कामं मोजत नाही. इटालियन भाषेत तर याच शब्दापासून झालेल्या 'दोद्झिनाले'चा अर्थ सामान्य, हलक्या प्रतीचा. हापूसच्या पेटीत मात्र डझन म्हणजे नेमके बारा, आणि एकेक फळ हातात घेऊन पारखलेलं.

पेटी लावताना मोजणारा "दहा, अकरा, बारा" म्हणून थांबतो आणि म्हणतो, "एक डझन." हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या दोन वाटा तेवढ्या श्वासात एकत्र येतात. एकच जुना शब्द त्याने दोनदा उच्चारलेला असतो.